हजर पर्वतात ट्रेकला जाताय? वाटा, रॉकपॅच आणि पाण्याचा हिशोब

दुबई, शारजा, मस्कतला नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाची पहिल्या वर्षातली ठरलेली तक्रार म्हणजे इथे सगळं मिळतं पण डोंगर नाहीत. आहेत की! शहरातून दीड-दोन तास गाडी मारली की हजर पर्वताची रांग लागते, वर मुसंदमच्या टोकापासून खाली ओमानच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत साधारण 700 किलोमीटर पसरलेली, आणि त्यातलं सगळ्यात उंच जेबेल शम्स 3000 मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या 1646 मीटरच्या कळसूबाईच्या जवळपास दुप्पट. झाड नाही, गवत नाही, नुसता उघडा दगड, पण एकदा पाय लागले की सुटत नाही हे मी मनापासून सांगतो.

सह्याद्रीत भटकलेल्यांना इथे पाय आणि दम दोन्ही पुरतात. बदलाव्या लागतात त्या सवयी. आपल्याकडे टाक्यात पाणी मिळतं, वाटेत सरबतवाला भेटतो, चुकलो तर खालच्या वाडीतला एखादा मामा वाट दाखवतो, आणि पाऊस आला तर उलट मजा वाढते. इथे यातलं एकही गृहीत धरायचं नाही, पाऊस तर अजिबातच नाही. इथे ट्रेक किती अवघड हे उंचीवरून कमी आणि पाठीवर किती लिटर पाणी आहे नि परत फिरायची वेळ काय ठरवलीय यावरून जास्त ठरतं, आणि खाली जे काही लिहिलंय ते सगळं शेवटी याच दोन गोष्टींवर येऊन थांबतं.

कधी जायचं

ऑक्टोबरच्या शेवटापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. हत्ता, शवका, खोरफक्कान असे यूएईतले कमी उंचीचे डोंगर तर नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतच खरे चांगले, त्याच्या आधी-नंतर सकाळी नऊलाच ऊन टोचायला लागतं. मे ते सप्टेंबर खालच्या डोंगरांचं नावही काढू नका, पारा 45 च्या वर जातो आणि दगडाला हात लावला की चटका बसतो, रॉकपॅच, म्हणजे हात लावून चढायचा कातळाचा टप्पा, कुठून चढणार. उन्हाळ्यात फारच राहवलं नाही तर ओमानमधल्या जेबेल अख्दरचं सैक पठार, ते 2000 मीटरच्या आसपास असल्याने तिथे सकाळ-संध्याकाळ चालता येतं. याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत जेबेल शम्सला तंबू टाकणार असाल तर पहाटे शून्याखाली जाऊ शकतं, आखातात कसली थंडी म्हणून नुसत्या टीशर्टवर गेलेले लोक रात्रभर गाडीत हीटर लावून बसतात.

दिवस लहान असतो हेही लक्षात ठेवा. डिसेंबरात साडेपाचला सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही, पटकन अंधार होतो. त्यामुळे उजाडायच्या आत गाडीतळावर पोचायचं, पहिल्या प्रकाशात चालायला लागायचं आणि परत फिरायची वेळ निघण्याआधीच सगळ्यांसमोर ठरवून टाकायची. शिखर दहा मिनिटांवर राहिलं असलं तरी वेळ झाली की फिरायचं. उतार इथे चढाइतकाच वेळ खातो, घसाऱ्यावर, म्हणजे सुट्या दगड-मातीच्या उतारावर, तर जास्तच.

पाणी

सरळ हिशोब सांगतो. थंडीच्या दिवसांत चालताना माणशी तासाला अर्धा लिटर, ऊन असेल किंवा चढ खडा असेल तर पाऊण ते एक लिटर. सहा तासांच्या ट्रेकला चार-पाच लिटर पाठीवर हवंच, शिवाय गाडीत वेगळं ठेवायचं, ते खाली आल्यावर लागतं. पाच लिटर म्हणजे पाच किलो, म्हणून बाकीचं ओझं कमी करा, पाणी कमी करू नका. निम्मं पाणी संपलं आणि निम्मी वाट झाली नसेल तर तिथूनच मागे फिरायचं, यावर ग्रुपमध्ये चर्चा सुद्धा नको.

नुसतं पाणी ढोसूनही भागत नाही. इथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, तो लगेच उडून जातो आणि शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उरतात, मग माणूस दिवसभर साधं पाणी पीत राहतो आणि संध्याकाळी पोटरीत गोळे येतात, डोकं धरतं. ओआरएसची पाकिटं ठेवा, नाहीतर लिंबू-मीठ-साखर घातलेली एक वेगळी बाटली. खायला खजूर, चिक्की, दशम्या, खारे शेंगदाणे. दशमी दिवसभर टिकते आणि तोंड कोरडं पडलेलं असतानाही घशाखाली उतरते, ब्रेड सँडविच अशा वेळी अक्षरशः गिळवत नाही.

सोबतचा माणूस एकदम गप्प झाला, अडखळायला लागला, विचारलेल्याला भलतंच उत्तर द्यायला लागला, किंवा उन्हात अंगावर काटा येतोय म्हणाला तर ट्रेक तिथेच संपला असं समजा. सावलीत बसवा, डोक्यावर-मानेवर-काखेत ओला कपडा ठेवा, वारा घाला, शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. बोलण्यात गोंधळ असेल तर वाट बघत बसू नका, लगेच फोन करा. यूएईत 999, ओमानमध्ये 9999.

वादी आणि पूर

वादी म्हणजे इथलं कोरडं नदीपात्र. बहुतेक सगळ्या वाटा कुठे ना कुठे वादीतून जातात, आणि या डोंगरात उन्हाच्या खालोखाल जिवावर बेतणारी गोष्ट कुठली असेल तर वादीतला पूर. उघडा दगड, माती जवळजवळ नाहीच, त्यामुळे पडलेलं पाणी कुठे मुरत नाही, सगळंच्या सगळं घळीतून खाली येतं. तुमच्या डोक्यावर आकाश निळंभोर असतं आणि पाऊस वीस किलोमीटर आत पडलेला असतो. एप्रिल 2024 मध्ये यूएईत अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे 24 तासांत 254 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच्या दोनच दिवस आधी ओमानमध्ये पुराने शाळकरी मुलांचे जीव घेतले, म्हणजे वाळवंटात कुठला आलाय पूर हे डोक्यातून काढूनच टाका.

आदल्या रात्री आणि सकाळी निघताना हवामान खात्याचा अंदाज बघायचा, फक्त ट्रेकच्या जागेचा नाही तर आजूबाजूच्या सगळ्या डोंगरांचा. पावसाची किंवा गडगडाटाची शक्यता असेल तर वादीतला ट्रेक रद्द, डोंगराच्या धारेवरचाही पुढे ढकललेला बरा. गाडी वादीच्या पात्रात लावायची नाही, तंबू तर कधीच नाही, वाळू कितीही मऊ असली तरी. चालताना वाहतं पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, वरच्या बाजूने घरघर ऐकू आली किंवा घळीतून एकदम गार वारा आला तर सामान उचलत बसू नका, गाडीकडे पळू नका, सरळ बाजूच्या उतारावर वर चढा आणि पाणी ओसरेपर्यंत तिथेच थांबा.

यूएईत याला कायदाही आहे. 2023 पासून पावसात वाद्यांजवळ, धरणांजवळ गर्दी केली तर 1000 दिरहम दंड आणि 6 ब्लॅक पॉइंट (लायसन्सवर पडणारे दंडाचे गुण), आणि वाहत्या वादीत गाडी घातली तर 2000 दिरहम, 23 ब्लॅक पॉइंट आणि 60 दिवस गाडी जप्त. सह्याद्रीत आपण जून उजाडायची वाट बघतो, इथे पावसात घरी बसायचं आणि पाणी ओसरून दोन-चार दिवस गेले की मग जायचं, तेव्हा हवा स्वच्छ असते, कुंड भरलेली असतात, तो आठवडा चुकवू नका.

सुरुवात कुठून करायची

अगदी पहिल्यांदा जाताय, सोबत मुलं आहेत, तर हत्ता. तिथे खुणा केलेल्या, कमी-जास्त लांबीच्या वाटा आहेत, धरणाचं निळं-हिरवं पाणी दिसतं, नेटवर्क असतं. दुसरा पर्याय रास अल खैमातलं शवका, धरणाजवळ गाडी लावून आजूबाजूच्या टेकड्यांवरून फिरता येतं, वाटा बऱ्याच फुटतात पण उंची फार नाही म्हणून नकाशा वाचायचा सराव करायला जागा उत्तम. किनाऱ्याकडे जायचं असेल तर खोरफक्कानची अल रबीची वाट, व्यवस्थित बांधलेली, चढ बऱ्यापैकी दमवतो आणि वरून समुद्र आणि बंदर दोन्ही दिसतं. मस्कतवाल्यांसाठी रियाम ते मत्राह ही सी 38 नंबरची वाट, दीड-दोन तासांत होते, मध्ये जुन्या वस्तीचे अवशेष लागतात आणि उतरलात की थेट मत्राहच्या जुन्या बाजाराच्या पाठीमागे. शुक्रवारी सकाळी करून नाश्त्याला घरी येता येतं.

ओमानमधल्या बऱ्याच जुन्या वाटांना असे नंबर आहेत आणि दगडांवर पिवळा-पांढरा-लाल असे रंगाचे पट्टे मारलेले असतात. पट्टा दिसला नाही तर शेवटच्या पट्ट्यापर्यंत मागे या, तिथे उभं राहून नीट चारी बाजूंना बघा, पुढे अंदाजाने जाऊ नका. उन्हाने रंग फिका पडतो, दुपारी पिवळा पट्टा पिवळसर चुनखडकावर दिसतच नाही, सकाळच्या तिरप्या उन्हात चांगला दिसतो.

दोन-चार छोटे ट्रेक झाले की जेबेल शम्सची बाल्कनी वॉक करा, डब्ल्यू 6. या सगळ्या रांगेत मला एकच वाट निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन. अल खितैम नावाच्या छोट्या वस्तीपाशी सुरू होते आणि दरीच्या कड्यात मधल्या पदरावरून आडवी जात जात अस साब या ओस पडलेल्या गावाशी संपते, जाऊन-येऊन आरामात तीन-चार तास. उजवीकडे-डावीकडे बघत चाललं तर डोळे फिरतील अशी दरी, काही ठिकाणी जवळपास हजार मीटर खोल. वाट स्वतः मात्र बहुतेक ठिकाणी माणूस-दीड माणूस रुंद आणि स्पष्ट आहे, हाताने चढायचं काही नाही. ज्याला दरीची भीती वाटते त्याला मधे ठेवा आणि दरीपासून लांब, कड्याच्या भिंतीच्या बाजूने चालवा. शेवटच्या गावात दगडी घरं अजून उभी आहेत, चुलीचा काळा धूर छताला तसाच लागलेला दिसतो, खाली लोकांनी दरीच्या काठावर बांध घालून केलेली पावशेर-पावशेर शेतं. इतक्या अडचणीच्या जागी माणसांनी पाणी शोधलं आणि संसार केले, ते बघायला तरी जाच. सुरुवातीला बायका आणि पोरं लोकरीच्या विणलेल्या वस्तू विकायला बसलेली असतात, घेण्यासारख्या असतात, घासाघीस न करता घ्या. आणि बॅगची चेन बंद ठेवा, बकऱ्या डबा पळवतात.

जेबेल शम्सच्या दक्षिण शिखराची डब्ल्यू 4 ही वाट पूर्ण दिवसाची आहे, आठ ते दहा तास, हजार मीटरच्या वर चढ, वाटेत पाण्याचा थेंब नाही. उत्तरेकडचं सर्वोच्च टोक लष्कराच्या ताब्यात आहे, तिकडे जायचं नाही, फोटोही काढायचे नाहीत. घरच्या ज्येष्ठांना घेऊन जायचं असेल तर जेबेल अख्दरवर अल अकर, अल ऐन, शिरैजा या गावांमधून जाणारी पायवाट घ्या, डाळिंबाच्या आणि गुलाबाच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतातून जाते, एप्रिलच्या सुमारास गुलाब फुललेले असतात. फक्त बिरकत अल मौझच्या पोलीस चौकीवर फोर बाय फोर गाडीशिवाय वर सोडत नाहीत, भाड्याने गाडी घेताना आधीच तसं सांगा.

रॉकपॅच आणि स्क्रॅम्बल (हातापायांनी चढणं)

इथला दगड मुख्य दोन प्रकारचा आणि दोघांशी वागायची पद्धत वेगळी. मुसंदम, रास अल खैमा, जेबेल शम्स, अख्दर इकडे चुनखडक. हात ठेवलात की कळतं, पृष्ठभागावर बारीक बारीक धारदार काटे आलेले असतात, बुटाला मस्त पकड मिळते पण तळव्याची सालटी निघतात आणि नुसतं बसलं तरी पँट फाटते, म्हणून पातळ हातमोजे घ्या. मात्र हाच चुनखडक वादीच्या तळाशी पाण्याने घासून संगमरवरासारखा गुळगुळीत झालेला असतो, वर थोडं पाणी असेल तर बूट टिकतच नाही. दुसरा दगड हत्ता, शवका आणि फुजैराकडचा तपकिरी-काळपट. हा मुळात समुद्राच्या तळाचा खडक, साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वी ढकलला जाऊन जमिनीवर चढलेला, भूगर्भवाले त्याला सेमाइल ओफिओलाइट म्हणतात आणि जगभरातून बघायला येतात. ट्रेकरच्या दृष्टीने तो म्हणजे भुगा. धरलेला दगड हातात येतो, उतारावर मुरूम पसरलेला असतो. आपला बेसॉल्ट डोळे झाकून धरायची सवय असलेल्यांनी इथे प्रत्येक दगड आधी तळव्याने थोपटायचा, पोकळ आवाज आला तर तो सोडायचा. धरायचा झालाच तर खाली दाबायचा, स्वतःकडे ओढायचा नाही.

बाकी नियम तुम्हाला माहीत असतील पण उन्हात ते विसरतात म्हणून लिहितो. दोन हात दोन पाय यातले तीन कायम टेकलेले, एकच हलवायचा. जे चढून जाताय ते उतरता येईल का हे चढायच्या आधी बघायचं, वर पोचल्यावर नाही. उतरताना दगडाकडे तोंड करून उतरायचं, बसून सरकत नाही. एकाच्या बरोबर खाली दुसऱ्याने थांबायचं नाही, बाजूला ओट्यावर थांबायचं, आणि दगड सुटला की मोठ्याने "दगड!" असं ओरडायचं, लाज वाटून घ्यायची नाही. हेल्मेट घाला. स्टिक चढाच्या आधीच बॅगला बांधा, हातात लोंबकळत ठेवली की पाय अडकतो.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती कोरड्या धबधब्यांपाशी. आपल्याकडे नाळेने, म्हणजे अरुंद घळीने, उतरायची सवय असते, म्हणून धारेवर कंटाळा आला की वाटतं चला वादीत उतरू, गाडी खालीच आहे, दिसतेय. मग तीन-चार मीटरची एक उडी येते, घसरत उतरतो, पुढे वळणावर पंधरा मीटरचा सरळसोट कडा, आणि मागची गुळगुळीत पायरी आता चढता येत नाही. दोन्हीकडून बंद, वर ऊन, पाणी संपत आलेलं, घळीत नेटवर्क नाही. माहीत नसलेल्या वादीत वरून खाली उतरायचं नाही, हा नियम एकदाही मोडू नका. ओळख करायची तर खालून वर चढत जा, जिथे अडेल तिथून परत.

रास अल खैमाच्या वादी गलीलातली स्टेअरवे टू हेवन ही वाट सगळ्यांच्या यादीत असते. डोंगरातल्या जुन्या लोकांनी वरच्या शेतांवर जायला कड्याच्या कपारीत दगड रचून पायऱ्या केल्यात, काम बघून हात जोडावेत असं. पण उंची प्रचंड, दरी उघडी, रचलेले दगड कुठे कुठे ढिले, आणि वाट चुकणं फार सोपं. सह्याद्रीतल्या अलंग-मदन किल्ल्यांचे कडे दोराशिवाय बघून घाबरला असाल तर इथे येऊ नका. जायचंच असेल तर आधी जेबेल शम्ससारखे दिवसभराचे दोन-तीन ट्रेक पाठीशी हवेत, ही वाट स्वतः करून आलेला माणूस सोबत हवा, आणि ग्रुप चार-पाच जणांचा, वीस जणांचा नको.

वाट, फोन, साप, माणसं

ऑफलाइन नकाशा आणि जीपीएक्स ट्रॅक (वाटेची नोंद असलेली फाइल) आदल्या दिवशीच डाउनलोड करा, पॉवर बँक घ्या, हेडलॅम्प दिवसाच्या ट्रेकलाही घ्याच. ओमानच्या हद्दीजवळ फोन दुसऱ्याच देशाचं नेटवर्क पकडतो, तेव्हा रोमिंग आणि फोनवरची वेळ दोन्ही तपासा, मस्कत आणि दुबईची वेळ एकच असली तरी पैसे वेगळे कापले जातात. हद्द ओलांडून जाणार असाल तर व्हिसा आणि गाडीचा त्या देशाचा विमा निघण्याआधी बघा. बकऱ्यांच्या वाटा सगळीकडे फुटलेल्या असतात आणि माणसांच्या वाटेपेक्षा ठळक दिसतात, बकरी कड्यावर जाऊन थांबते, तुम्हाला थांबता यायला हवं.

आपल्या फुरशाचे भाऊबंद इथेही आहेत. दगडाखाली, कपारीत हात घालताना आधी बघा, काठीने ठोका, अंधार पडल्यावर बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका, रात्री बाहेर ठेवलेले बूट सकाळी झटकून घाला, विंचू असतात. चावलंच तर कापायचं-चोखायचं काही नाही, हात किंवा पाय स्थिर ठेवायचा, अंगठी-घड्याळ काढायचं आणि हॉस्पिटल गाठायचं.

गावातून जाताना गुडघे-खांदे झाकलेले असू द्या, सलाम करा, बायकांचे फोटो काढू नका, शेतात शिरू नका. गावातून वाहणारा फलज म्हणजे पाण्याचा पाट, तो कित्येक पिढ्यांनी सांभाळलाय, ओमानमधल्या पाच फलजांना 2006 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान दिलाय. त्यात साबण लावून हातपाय धुवायचे नाहीत, डबे घासायचे नाहीत. कोणी कहवा आणि खजूर पुढे केला तर नको म्हणू नका, दोन मिनिटं बसा. रमजानमध्ये दिवसा लोकांसमोर खाणं-पिणं टाळा, डबा वर डोंगरात उघडा. केळीची सालं, संत्र्याची सालं परत आणायची, या कोरड्या हवेत ती कुजत नाहीत, महिनोन्महिने तशीच पडून राहतात.

निघताना घरच्या किंवा विश्वासातल्या एका माणसाला लिहून पाठवा: कुठली वाट, गाडी कुठे लावलीय, गाडीचा नंबर, सोबत कोण कोण, आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. खाली उतरलात की गाडी सुरू करायच्या आधी त्याला मेसेज टाका, एक बाटली पाणी प्या, दहा मिनिटं बसा आणि मग निघा, कारण दिवसभर चालून डोळे मिटत असतात आणि अंधारात त्या रस्त्यांवर गाढवं आणि उंट बिनदिक्कत मध्ये उभे असतात.